मैदानाच्या बदल्यात मैदान: आरक्षित जागा हलवताना आपण नेमके काय मागावे?

मैदानाशेजारी

नमस्कार. मुंबईच्या पूर्व उपनगरातील आमच्या वसाहतीच्या मागे सुमारे पावणेदोन एकरांचे मैदान आहे. विकास आराखड्यात त्यावर क्रीडांगणाचे आरक्षण आहे, जागा अनेक वर्षांपासून सार्वजनिक ताब्यात आहे आणि कडेला बाके, काही जुने पर्जन्यवृक्ष व एक बकुळ आहे. नऊ दिवसांपूर्वी आरक्षण बदलाची जाहीर सूचना प्रसिद्ध झाली. या जागेवर बहुमजली वाहनतळ आणि कार्यालयीन इमारत येणार असून, बदल्यात ‘तेवढ्याच क्षेत्रफळाची’ जागा रेल्वेमार्गाच्या पलीकडे, नाल्यालगत, दोन तुकड्यांत दाखवली आहे. हरकती देण्यास एक महिना आहे.

शहराच्या गरजा बदलतात आणि क्वचित एखादे मैदान हलवावे लागते, हे मला मान्य आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. बदली जागेत कोणते गुण असले, म्हणजे ती खरोखर बदली ठरते? सूचनेत क्षेत्रफळ सोडून दुसरा कोणताही निकष नाही. परवा मी वडिलांना सोबत घेऊन नवी जागा पाहायला गेलो. त्यांचे वय एक्याऐंशी आहे. घरापासून आताच्या मैदानाच्या फाटकापर्यंत त्यांना चार मिनिटे लागतात. नव्या जागेपर्यंत, पादचारी पुलाचे दोन्ही जिने धरून, एकतीस मिनिटे लागली आणि तेथे पोहोचल्यावर बसायला काही नव्हते. कागदावर हे दोन्ही भूखंड समान आहेत.

बकुळीचा_पार

नव्या जागेवर आज प्रत्यक्षात काय आहे? आणि पुलाला उद्वाहक आहे का?

मैदानाशेजारी

पुलाला उद्वाहक नाही. एक तुकडा नाल्याला समांतर जाणारी पट्टी आहे. मी पावलांनी मोजली, तेव्हा ती अंदाजे १६० मीटर लांब आणि २२ मीटर रुंद भरली. दुसरा तुकडा त्रिकोणी असून तेथे सध्या बांधकामाचा राडारोडा पडलेला आहे. दोन्ही जागा खासगी मालकीच्या आहेत, असे शेजारच्या दुकानदारांकडून कळले.

आराखडावाचक

शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी नगररचनेच्या कामात पंचवीस वर्षे काढली आहेत.

आरक्षण बदल बहुधा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली होतो. सूचना, एक महिन्यात हरकती, सुनावणी आणि मग राज्य शासनाची मंजुरी, असा तो क्रम आहे. या कलमात एक मर्यादा आहे: फेरबदलामुळे विकास आराखड्याचे स्वरूप बदलता कामा नये. आपल्या हरकतीत ही मर्यादा पहिल्याच परिच्छेदात आली पाहिजे.

मात्र खरी मेख पुढे आहे. आजचे मैदान सार्वजनिक ताब्यात आहे, म्हणजे ते हातात असलेले मैदान आहे. नवी जागा खासगी असेल, तर तेथे आपल्याला मिळते ते केवळ नकाशावरचे आरक्षण. त्याच अधिनियमाचे कलम १२७ सांगते की, अंतिम विकास आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जागा संपादित झाली नाही, तर मालक सूचना देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादन झाले नाही किंवा त्यासाठी पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. मुंबईचा २०३४ चा विकास आराखडा २०१८ मध्ये अंमलात आला. हिशेब आपणच करून पाहावा. हातातले मैदान देऊन आपण असे आरक्षण घेत असू, ज्याची मुदत संपत आली आहे.

म्हणून डीपी रिमार्क, म्हणजे विकास आराखड्यात भूखंडावर काय दाखवले आहे याचा दाखला, आणि दोन्ही भूखंडांची मालमत्ता पत्रके आजच काढा. मालक कोण, भोगवटा कोणाचा आणि इतर हक्कांत काय नोंद आहे, हे कळल्याशिवाय हरकतीला धार येणार नाही.

पूल_ओलांडणारा

मी वेगळे मत मांडतो आणि ते कोणाला दुखवण्यासाठी नाही. माझ्या आईला मागच्या वर्षी रात्री छातीत दुखू लागले, तेव्हा दोन्ही बाजूंना उभ्या केलेल्या गाड्यांमुळे रुग्णवाहिका आमच्या गल्लीच्या तोंडाशी अडकली. शेवटी आम्ही तिला खुर्चीत बसवून मुख्य रस्त्यापर्यंत नेले. वाहनतळ ही चैन आहे असे कोणी म्हटले, की मला तो प्रसंग आठवतो. शिवाय उपनगरांतली कित्येक मैदाने वर्षातले चार महिने चिखल आणि उरलेल्यांपैकी बरेच दिवस मांडव असतात. प्रत्येक आरक्षण जपलेच पाहिजे, या भूमिकेवरून शहर चालवता येणार नाही.

मैदानाशेजारी

आपल्या आईंची प्रकृती आता चांगली असेल, अशी आशा करतो. गल्ली मोकळी झाली पाहिजे, याविषयी माझे दुमत नाही. मांडवांचे म्हणणेही खरे आहे. आमच्याकडेही तसे होते आणि त्याविरुद्ध आम्ही पुरेसे बोललो नाही.

जुनी_मुंबई

बदली जागेचे एक चांगले उदाहरण याच शहरात आहे आणि ते दीडशे वर्षांहून जुने आहे. आजच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाची, म्हणजे आपल्या राणीबागेची, पूर्वज बाग शिवडीला होती. अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ती चालवत असे. ती जागा ख्रिस्ती दफनभूमीसाठी गेली आणि तिच्याऐवजी भायखळ्याच्या माउंट इस्टेटवर नवी बाग उभी राहिली. भायखळ्याची बाग १८६२ मध्ये खुली झाली, तर शिवडीची दफनभूमी १८६५ च्या सुमारास सुरू झाली. तेथील संग्रहालय, आताचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ मध्ये लोकांसाठी उघडले.

यातील क्रमाकडे पाहावे. नवी बाग आधी उघडली आणि मग जुनी जागा दुसऱ्या कामाला गेली. शिवाय नवी जागा दाट वस्तीच्या जवळ होती. आज राणीबागेतील गोरखचिंचेखाली उभे राहताना शिवडीच्या बागेची हळहळ कोणाला वाटत नाही, कारण त्या बदलीत लोकांच्या पदरात काहीतरी पडले.

बकुळीचा_पार

जुनी_मुंबई यांच्या प्रतिसादात भर घालते. झाडांच्या बाबतीत कायद्याने वयाला किंमत दिली आहे. झाडांविषयीच्या १९७५ च्या महाराष्ट्राच्या कायद्यात २०२१ मध्ये सुधारणा झाली. त्यानुसार पन्नास वर्षांचे किंवा त्याहून जुने झाड वारसा वृक्ष मानले जाते आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावावी लागतात. साठ वर्षांच्या झाडाबदली एक रोप पुरत नाही, हे तत्त्व त्यातून मान्य झाले. मैदानाच्या वयाला मात्र असे काही माप नाही. पन्नास वर्षे ज्या मातीवर तीन पिढ्या खेळल्या, तिच्या बदल्यात राडारोड्याचा त्रिकोण चालतो. आपल्या मैदानातील झाडांचे वय नोंदवून घ्या, बकुळ विसरू नका.

हडसनकाठ

मी मुलुंडचा असून गेली अठरा वर्षे न्यूयॉर्कजवळ राहतो. अमेरिकेत याविषयी एक नियम आहे, तो उपयोगी पडेल म्हणून लिहितो. १९६५ च्या भूमी व जल संवर्धन निधी कायद्याखाली केंद्राचे अनुदान घेऊन जे उद्यान घेतले किंवा सुधारले, ते कायम सार्वजनिक मैदानी करमणुकीसाठीच वापरावे लागते. ते दुसऱ्या कामाला द्यायचे असेल, तर केंद्राची संमती लागते आणि बदली जागा किमान तितक्याच बाजारमूल्याची, तसेच उपयुक्तता आणि ठिकाण या दोन्ही बाबतींत वाजवी प्रमाणात समतुल्य असावी लागते. धागाकर्त्यांनी विचारलेले निकष तेथे कायद्यातच लिहिलेले आहेत.

पण नियम असूनही काय होते, तेही सांगतो. ब्रॉन्क्समध्ये यांकी स्टेडियमची नवी वास्तू उभारण्यासाठी सुमारे २५ एकर उद्यानभूमी घेतली. त्यातील मॅकोम्ब्स डॅम पार्कवर हे केंद्रीय बंधन होते. नवे स्टेडियम २००९ मध्ये सुरू झाले. बदली उद्याने मात्र तुकड्यातुकड्यांनी आली. काही भाग वाहनतळाच्या छतावर, काही नदीकाठी. जुन्या स्टेडियमच्या जागेवरची मैदाने २०१२ मध्ये खुली झाली. उद्याने शेवटी झाली आणि मी पाहिली तेव्हा ती चांगल्या स्थितीत होती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरीही २००६ मध्ये काम सुरू झाले तेव्हा दहा वर्षांचा असलेला तेथला मुलगा मैदाने पूर्ण झाली तेव्हा सोळा वर्षांचा झाला होता. त्याचे खेळण्याचे वय कोणत्याही ताळेबंदात आले नाही.

आराखडावाचक

‘उपयुक्तता आणि ठिकाण’ हे दोन शब्द जसेच्या तसे हरकतीत घ्यावेत. आपल्याकडे कायद्यात ते तसे लिहिलेले नसले, तरी सुनावणीत विचारायला कोणाची मनाई नाही.

गल्ली_क्रिकेट_प्रशिक्षक

उपयुक्ततेविषयी मी आकड्यांत बोलतो, कारण सूचना देणाऱ्यांना आकडे कळतात. पावणेदोन एकर म्हणजे सुमारे सात हजार चौरस मीटर. ती जागा साधारण चौरस असेल, तर बाजू ८४ मीटरची होते. मोठ्यांच्या क्रिकेटला ती अपुरी असली, तरी चौदा वर्षांखालच्या मुलांना ३५ ते ४० मीटरची सीमा आखून देता येते, त्याच वेळी कडेने चालणाऱ्यांना वाट राहते.

आता नाल्याकाठची पट्टी पाहा. तिची रुंदी २२ मीटर आणि खेळपट्टीची लांबी २०.१२ मीटर. आडवी खेळपट्टी टाकली, तर यष्टिरक्षक नाल्यात आणि गोलंदाज रस्त्यावर उभा राहील. उभी टाकली, तर दोन्ही बाजूंना फटका मारायला दहा-दहा मीटर उरतात. खो-खोचे मैदान २७ बाय १६ मीटरचे आणि कबड्डीचे १३ बाय १० मीटरचे असते, तेवढी तेथे बसतील आणि ती जरूर असावीत. परंतु क्रिकेट व फुटबॉल आपल्या भागातून संपतील. सात हजार चौरस मीटरचे दोन तुकडे म्हणजे सात हजार चौरस मीटरचे मैदान नव्हे.

आणखी एक गोष्ट. नालेसफाईच्या वेळी गाळ काढणारे यंत्र काठावर उभे करावे लागते आणि काढलेला गाळ तेथेच सुकायला टाकतात. त्या पट्टीतला काही भाग दर उन्हाळ्यात, म्हणजे नेमका मुलांच्या सुट्टीत, बंद राहील.

पूल_ओलांडणारा

प्रशिक्षकांचा हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. माझे मूळ म्हणणे मी सोडलेले नाही, तरी एक प्रश्न मनात आला. पट्टी खेळायला निरुपयोगी असली, तरी गाड्या उभ्या करायला २२ मीटर रुंदी पुरेशी आहे. मग वाहनतळच पलीकडे का नको? स्थानकाच्या त्या बाजूलाही गाड्यांची तितकीच गर्दी असते. अर्थात, मग आमच्या गल्लीतल्या गाड्या कोठे जातील, याचे उत्तर माझ्याजवळ नाही.

संध्याकाळची_शाळा

या चर्चेत एक बाजू आलेली नाही, ती मी मांडते. माझे बालपण उद्यानासाठी आरक्षित असलेल्या भूखंडावरच्या झोपडीत गेले. नकाशात जी जागा हिरवी दिसत होती, तेथे आमचे घर, सार्वजनिक नळ आणि माझ्या आईची शिवणयंत्राची खोली होती. त्यामुळे ‘मोकळ्या जागा वाचवा’ असे वाचले की, ती मोकळी कोणाच्या दृष्टीने, हा प्रश्न मला आधी पडतो.

मुंबईच्या विकास नियमावलीत अशा अतिक्रमित, ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या आरक्षित भूखंडांवर पुनर्वसन योजना करता येते, मात्र किमान ३५ टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. २०२५ च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा नियम वैध ठरवला. अनेकांना तो निकाल खटकला. मला पक्के घर अशाच योजनेतून मिळाले, म्हणून मी त्याला नावे ठेवणार नाही. परंतु त्या ३५ टक्क्यांचे काय होते, ते मी रोज पाहते. आमच्या इमारतींपुढची मोकळी जागा तीन कोपऱ्यांत विभागली गेली, एका भागाला कुलूप आहे आणि किल्ली कोणाकडे आहे, हे दोन वर्षे विचारूनही समजलेले नाही. मी संध्याकाळी मुलांना शिकवते. अभ्यास संपल्यावर ती मुले जिन्यात खेळतात.

म्हणून हरकतीत माझ्यातर्फे एक मागणी घ्यावी. बदली जागेला कुंपण असेल, तर फाटकाच्या वेळा लिहून द्याव्यात आणि ते कोण उघडणार, हेही लिहून द्यावे. एकतीस मिनिटे चालून कुलूप पाहायला मिळणे, याहून वाईट काय असेल?

मैदानाशेजारी

ताई, ही मागणी नक्की घेतो. आमच्या मैदानात रोज खेळणारी निम्मी मुले वसाहतीबाहेरची, मागच्या चाळींमधली आहेत. माझ्या पहिल्या लेखनात त्यांचा उल्लेख राहिला, तो राहायला नको होता.

महालक्ष्मीचा_प्रवासी

शहराच्या पातळीवर पाहिले, तर मोकळ्या जागा वाढत आहेत, हेही नोंदवू या. किनारी रस्त्यासाठी सुमारे १११ हेक्टर भराव झाला आणि त्यातील मोठा भाग हिरवळीसाठी आहे. महालक्ष्मीच्या शर्यतीच्या मैदानातील १२० एकर आणि भरावावरील १७५ एकर मिळून मोठे उद्यान करण्याचे ठरले आहे. मुंबईत असे काही होते आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

बकुळीचा_पार

आनंद मलाही आहे. मात्र तो हिरवा आकडा शहराच्या दरडोई सरासरीत मिसळला की, गोवंडी-मानखुर्दच्या माणसाच्या वाट्यालाही काही चौरस फूट आले, असे कागद सांगू लागतो. हाजी अलीजवळच्या हिरवळीवर जायला त्याला सुट्टीचा दिवस काढावा लागेल. सरासरी प्रभागनिहाय मांडली, तरच आमच्या मैदानाचे नुकसान दिसते. माझी मागणी अशी की, बदली जागा त्याच प्रभागात आणि पायी दहा मिनिटांच्या आत असावी. अंतर नकाशावरच्या सरळ रेषेने मोजलेले नसावे, प्रत्यक्ष चालण्याच्या वाटेने मोजलेले असावे.

जुनी_मुंबई

येथे मला स्वतःच्या आधीच्या प्रतिसादाला पुरवणी जोडावीशी वाटते, कारण राडारोड्यावर काहीच होऊ शकत नाही, असा समज होऊ नये. धारावीजवळ मिठी नदीकाठचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान ३७ एकरांचे आहे आणि ती पूर्वी कचराभूमी होती. १९९४ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. आज तेथे दाट सावली आहे, फुलपाखरे आहेत. नवी जागा चांगली होऊ शकते, पण त्यासाठी माती आणावी लागते, वर्षानुवर्षे माणसे राबावी लागतात. सूचनेत नव्या जागेच्या विकासासाठी खर्चाची तरतूद आणि मुदत आहे का?

मैदानाशेजारी

नाही. ‘यथावकाश विकसित करण्यात येईल’ एवढेच आहे.

स्थापत्य_मुलुंड

मैदानाखाली वाहनतळ करून वर मैदान ठेवावे, हा तोडगा कोणी सुचवील, म्हणून आधीच लिहितो. वांद्र्याच्या पटवर्धन उद्यानाखाली असा प्रस्ताव आला होता आणि नागरिकांनी त्याला विरोध केला. छतावर बाग होतच नाही, असे नाही. मलबार हिलवरचे सर फिरोजशहा मेहता उद्यान पाण्याच्या टाकीवर उभे आहे. पण स्लॅबवर मातीचा थर मर्यादित असतो, त्यात हिरवळ आणि झुडपे जगतात, पर्जन्यवृक्षासारखा विस्तार असलेले झाड तेथे वाढवता येत नाही. पावसाचे पाणीही जमिनीत मुरत नाही. शिवाय बांधकामाची तीन-चार वर्षे मैदान बंद राहते, त्या काळातल्या मुलांचा प्रश्न हडसनकाठ यांनी मांडलेलाच आहे. पूल_ओलांडणारा यांनी सुचवलेला उलटा पर्याय, म्हणजे वाहनतळ पलीकडच्या पट्टीवर आणि मैदान जागच्या जागी, तांत्रिकदृष्ट्या अधिक सोपा दिसतो. पट्टी नाल्याला लागून असल्याने पाया मात्र जपून करावा लागेल.

न्यायालयाबाहेर

वकिली करते, म्हणून दोन संदर्भ देते. बंगळूरमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली गेली होती. रुग्णालय हेही लोकोपयोगी काम आहे, हा युक्तिवाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये, बंगळूर मेडिकल ट्रस्ट प्रकरणात, ते वाटप रद्दच ठेवले आणि उद्यानाच्या जागी रुग्णालय हा समान उपयोग मानता येणार नाही, अशी भूमिका घेतली. १९९९ मध्ये लखनौच्या झंडेवाला पार्कखाली चाललेले भूमिगत बाजाराचे बांधकाम काढून उद्यान पूर्ववत करण्याचा आदेश त्याच न्यायालयाने दिला.

मात्र एक खबरदारी. या दोन्ही प्रकरणांत बदली जागेचा प्रश्न नव्हता. तुमच्याकडे बदली जागा दाखवलेली आहे, त्यामुळे समोरची बाजू म्हणेल की, येथे उद्यान नष्ट होत नाही, फक्त हलते आहे. तुमचा सगळा भर ते हलत नाही, विरघळते आहे, हे पुराव्याने दाखवण्यावर हवा. चालण्याची वेळ, तुकड्यांची मापे, मालकी आणि मुदतीचा अभाव, हे चार पुरावे तुमच्या हातात आले आहेत.

मैदानाशेजारी

सर्वांचे मनापासून आभार. मालमत्ता पत्रके मिळाली. दोन्ही तुकडे खासगी मालकीचेच आहेत आणि त्रिकोणी तुकड्यावर दोन भावांतील वादाची नोंद आहे. आराखडावाचक यांची शंका खरी ठरली.

हरकतीचा मसुदा असा केला आहे: ‘प्रस्तावित बदलास आमची हरकत आहे. तरीही बदल करावयाचाच असल्यास, बदली जागा आधी संपादित होऊन तिचा ताबा सार्वजनिक यंत्रणेकडे यावा. ती सलग व एकसंध असावी. मैदानाच्या सध्याच्या फाटकापासून रेल्वेमार्ग न ओलांडता पायी दहा मिनिटांच्या आत असावी. ती विकसित होऊन लोकांसाठी खुली झाल्यानंतरच सध्याचे मैदान बंद करावे. तिच्या वापराच्या वेळा व देखभालीची जबाबदारी आदेशातच नमूद व्हावी. आणि ती पुन्हा बदलली जाणार नाही, अशी अट मंजुरीच्या अधिसूचनेत घालावी. वाहनतळाकरिता पलीकडील जागेचा विचार व्हावा.’

न्यायालयाबाहेर

शेवटची अट अशी मागितली, तर ती फेटाळली जाईल, कारण कायद्याने दिलेला फेरबदलाचा अधिकार अधिसूचना काढून घेऊ शकत नाही. त्याऐवजी, ‘भविष्यात बदल प्रस्तावित झाल्यास याच अटी लागू राहतील’ असे लिहा. आणि सहा मागण्यांना वेगवेगळे क्रमांक द्या, म्हणजे प्रत्येकीवर निर्णय नोंदवावा लागेल.

पूल_ओलांडणारा

वाहनतळाचे वाक्य तळाशी टाकू नका. ते पहिल्या मागणीआधी येऊ द्या आणि रुग्णवाहिकेची गोष्टही त्यात लिहा; माझी सही घ्या. वाहनतळ हवा असणाऱ्या माणसाने मैदान जागेवर ठेवा म्हटलेले सुनावणीत वजनदार ठरेल.

मैदानाशेजारी

दोन्ही बदल केले. आज एकशे बारा सह्यांची हरकत दाखल करून पोच घेतली, संध्याकाळच्या शाळेतल्या पालकांच्या चौतीस हरकती स्वतंत्र गेल्या. वडिलांनी आपली हरकत स्वतःच्या हस्ताक्षरात दिली असून, तीत त्यांनी चार आणि एकतीस हे दोन आकडे लिहिले आहेत. सुनावणीची तारीख आल्यावर येथेच कळवीन.

आराखडावाचक

सुनावणीला वडिलांना घेऊन या. आणि पोचपावतीच्या दोन प्रती काढून एक वसाहतीच्या कार्यालयात ठेवा.